चेहऱ्याची काच

इंग्लंडहून चित्र आलं तेव्हा पायल लॅबमध्ये होती. तिने ते फोनवर आईला पाठवलं नाही. संध्याकाळी कोपरखैरण्याला उतरल्यावर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून घेतली, गुंडाळी करून घरी आणली आणि जेवणाच्या आधी टेबलावर पसरली. कागद पुन्हा गुंडाळला जात होता म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

चित्र एका खिडकीचं होतं. खिडकी उंच, वर निमुळती होत गेलेली. वरच्या भागात नदी, शेतं आणि पांढरे पक्षी. तळाशी एका ओळीत माणसं उभी होती: पोस्टमन, पाववाला, शाळेच्या बाई, थडगी खोदणारा म्हातारा. सगळ्यांत कडेला हिरव्या साडीतली, डोक्यावर पदर घेतलेली एक गोरी बाई होती. गळ्यात सोन्याची साखळी. तिच्या पायाखालच्या पट्टीवर इंग्रजीत नाव लिहिलं होतं, संघप्रिया गमरे.

पायलच्या आईने, रखमाने, चष्मा लावला. चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग पायलला विचारलं, "ही कोण?"

पायलने भिंतीकडे पाहिलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खालच्या बाजूला संघप्रियाचा फोटो होता. हिरवी साडी, डोक्यावर पदर, गळ्यात साखळी.

संघप्रिया ही रखमा आणि दत्तू गमरे यांची थोरली मुलगी, पायल धाकटी. मंडणगडकडच्या गावातून दत्तू नोकरीसाठी इकडे आला आणि तुर्भ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला लागला. दोन्ही मुली कोपरखैरण्यातच वाढल्या. संघप्रियाने नर्सिंग केलं, वाशीच्या एका हॉस्पिटलात काही वर्षं काढली आणि इंग्लंडला गेली. पूर्वेकडच्या विनफोल्ड नावाच्या एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोना त्या वृद्धाश्रमात शिरला. काही कर्मचाऱ्यांनी घरी न जाता आतच राहायचं ठरवलं, त्यांत ती होती. म्हाताऱ्यांपैकी बरेच वाचले. ती मे महिन्यात गेली.

विमानं बंद होती. घरच्यांनी तिचं शेवटचं फोनवर पाहिलं. एक बंद पेटी, समोर जांभळा पडदा, मास्क लावलेली मोजकी माणसं. कोणीतरी दोन मिनिटं बोललं आणि पडदा ओढला गेला. चेहरा कोणालाच दिसला नाही. अस्थी पुढे एका मैत्रिणीबरोबर आल्या.

विनफोल्डचं चर्च साडेपाचशे वर्षांचं आहे. त्याच्या दक्षिणेच्या खिडकीत अजून त्या काळातली रंगीत काच आहे. बाकीची काच सतराव्या शतकात गावातल्याच कडव्या माणसांनी काठ्यांनी फोडली, कारण देवाची चित्रं काढणं त्यांना पाप वाटत होतं. फुटलेले तुकडे कोणीतरी गोळा करून ठेवले होते. ते पुढे एका छोट्या खिडकीत जमतील तसे बसवले गेले: एक हात, पंखाचा अर्धा भाग, कुत्र्याचा कान, एका डोळ्याचा चेहरा. उत्तरेची मोठी खिडकी महायुद्धात बॉम्बच्या हादऱ्याने गेली. तेव्हापासून तिथे साधी काच होती. तिथे कोरोनाच्या वर्षाची आठवण बसवावी, असं गावाने ठरवलं. त्या वर्षात जी माणसं गावाच्या उपयोगी पडली ती खिडकीच्या तळाशी उभी करायची. तिथली जुनी रीत तशीच आहे. वर संत आणि देवदूत असतात, खाली ज्यांनी खिडकी दिली त्या घरची माणसं.

गावाची कमिटी, तिच्या वरची कमिटी आणि तिच्याही वरची, अशा परवानग्या मिळायला वर्षं गेली. पायलने हे समजावून सांगितलं तेव्हा दत्तू म्हणाला की म्हणजे सोसायटीची एनओसी तिकडेपण लागते.

घरच्यांची संमती मागणारं पत्र आलं त्या आठवड्यात विहारात त्यावर बोलणं झालं. कोणी म्हणालं, आपल्या मुलीचं नाव तिकडे कोरलं जातंय, अभिमानाची गोष्ट आहे. कोणी म्हणालं, एकदा चर्चच्या भिंतीवर गेली की पुढच्या पिढीला ती ख्रिश्चन वाटेल. रखमाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. आपल्या लोकांनी विहाराला पंखे दिले तेव्हा पात्यांवर बापाचं नाव घातलं, नाव कोणाचंही असो, ते पंखे वारा घालतात ना, एवढंच ती म्हणाली. संमती तिने दिली, पण तीन अटींवर. मुलगी गुडघे टेकलेली नको, हात जोडलेली नको आणि डोक्यामागे तेजाची चकती नको. खिडकी करणाऱ्या बाईंचं नाव ज्युडिथ. त्यांनी उलट टपाली कळवलं की तळाच्या माणसांना चकती कधीच नसते आणि सगळी उभीच असतील. मग त्यांनी फोटो मागितला.

रखमाने भिंतीवरचा फोटो खाली घेतला, काच पुसली. पायलने त्याचा फोनवर फोटो काढून पाठवला. संघप्रियाचे दुसरे फोटो पायलच्या फोनमध्ये भरपूर होते. पण गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे भिंतीवरचा, हे घरात इतकं पक्कं होतं की दुसरा पाठवावा हे कोणाला सुचलंच नाही. पायललाही नाही.

ज्युडिथबाईंनी समोर आलं ते काढलं होतं. त्यांची काही चूक नव्हती.

जेवणं झाल्यावर पायलने फोनमधला एक फोटो आईसमोर धरला. वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीने काढलेला, थोडा तिरका. संघप्रिया निळ्या गणवेशात, केस वर बांधलेले, एक हात व्हीलचेअरच्या दांड्यावर. तोंड किंचित उघडं, जणू काही सांगता सांगता थांबलीय. डोळ्यांखाली काळं होतं. हाच पाठवू या, असं पायल म्हणाली.

"नको," रखमा म्हणाली. "यात ती दमलेली दिसते."

"मग कुठला?"

दुसऱ्या दिवशी रखमा दिपेशकडे गेली.

दिपेश म्हात्रे हा कोपरखैरणे गावातलाच. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, बापाचा मासळीचा धंदा होता, याने बाजारात फोटो स्टुडिओ टाकला होता. पासपोर्ट फोटो, लग्नं आणि गेलेल्यांचे फोटो. गेलेल्यांचे फोटो जास्त चालतात, कारण त्यात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. संघप्रियाचा भिंतीवरचा फोटो त्याने व्हिसासाठी काढलेल्या फोटोवरून केला होता. मूळ फोटोत ती पांढऱ्या कुर्त्यात होती. अस्थी आल्यावर तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा फोटो लागणार होता, तेव्हा रखमा त्याच्याकडे आली होती आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसून तिने तो करून घेतला होता.

त्याने कॉम्प्युटरमध्ये जुनी फाईल शोधून काढली. पडद्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी आले. रखमा पाहत राहिली आणि मग तिने त्याला विचारलं की तू हे एवढं का बदललंस.

दिपेश खुर्चीत वळला. "काकी, मी काय माझ्या मनाचं केलं काय? तुमीच बोललाव साडी घाल, चेन घाल. तुमीच बोललाव थोडी उजल कर. मी थोडीच केलेली. तुमी बोललाव अजून. मंग अजून केली."

रखमा शेजारच्या स्टुलावर टेकली.

"टेन्शन नका घेऊ," तो जरा नरमून म्हणाला. "सगलीच सांगतात. मेल्यावर माझ्याकडं सगली गोरीच व्हतात."

त्याने पैसे घेतले नाहीत आणि मूळ फोटोची एक प्रत काढून पाकिटात घालून दिली. रखमाने घरी येऊन ते पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं.

दिपेश खोटं बोलला नव्हता. रखमाने त्याला तसंच सांगितलं होतं, आणि का सांगितलं होतं हे तिला पक्कं आठवत होतं. संघप्रिया बापाच्या रंगावर गेली होती. लहानपणी तिला रविवारी बेसन-हळद लावून मोरीच्या दारात बसवायचे. मोठी झाल्यावर ती चिडून म्हणायची, "आई, मी भिंत आहे का, सारखा हात मारतेस?" आणि स्वतःच हसायची. पुढे दोन स्थळं आली. दोघांनी चहा-पोहे घेतले, मुलीच्या नोकरीचं कौतुक केलं आणि नंतर मुलाला इतक्यात करायचं नाही असा निरोप दिला. दोन्ही मुलांची लग्नं त्याच वर्षी झाली. संघप्रियाने कागदपत्रं जमवून इंग्लंडचा अर्ज भरला तो त्यानंतर. पुण्यानुमोदनाला ती दोन्ही घरं येणार होती. हॉलमध्ये फोटो मधोमध असणार होता. त्यांना दिसू दे, असं रखमाला तेव्हा वाटलं होतं. मुलीसाठी करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

इकडे पायलने ज्युडिथबाईंना खरं ते कळवलं. भिंतीवरचा फोटो स्टुडिओत बदललेला होता, बहीण साडी क्वचितच नेसायची आणि तिचा रंग आमच्यासारखाच होता, असं तिने लिहिलं. सोबत स्वतःचा आणि वडिलांचा फोटो जोडला. निळ्या गणवेशातला फोटोही पाठवला, पण आई अजून त्याला तयार नाही हेही लिहिलं.

रविवारी ज्युडिथबाईंनी व्हिडिओ कॉल केला. साठीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, बोटांना पट्ट्या. आधी त्यांनी फोन हातात धरून चर्च दाखवलं. दक्षिणेची जुनी खिडकी उन्हात होती. लाल, हिरवी आणि निळी काच, शिशाच्या काळ्या पट्ट्यांनी जोडलेली, आणि त्यात पांढरे चेहरे. मेंढपाळांचे, राजांचे, येशूच्या आईचे. रखमाने पायलला विचारायला सांगितलं की ही माणसं त्या गरम देशातली ना, मग सगळी पांढरी कशी.

पायलने जरा घुटमळत विचारलं. ज्युडिथबाईंनी सांगितलं की जुने कारागीर चेहऱ्याला साधी बिनरंगाची काच घेत, तिच्यावर काळपट रंगाने नाकडोळे काढत आणि भट्टीत भाजत. कपडे रंगीत काचेचे, चेहरे साध्या काचेचे, ही कामाची पद्धतच होती. या चर्चमध्ये चेहऱ्यासाठी दुसऱ्या काचेची गरज आजवर कोणाला पडली नव्हती. संघप्रियासाठी ती घ्यावी लागेल. काच एकदा भाजून शिशात बसवली की बदलता येत नाही, बदलायची तर फोडावी लागते. म्हणून त्या वेगवेगळ्या छटांचे तुकडे पाठवत होत्या. निवड आईने करावी.

मग त्यांनी फुटक्या तुकड्यांची छोटी खिडकी दाखवली. एका डोळ्याच्या चेहऱ्यावर फोन बराच वेळ थांबला. ही फुटकी का ठेवलीत, असं रखमाने विचारलं. फोडणारेही गावातलेच होते आणि वेचणारेही, असं ज्युडिथबाई म्हणाल्या.

कुरिअर आलं तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. जाड स्पंजच्या पेटीत पाच तुकडे होते, प्रत्येक आगपेटीएवढा, कोपऱ्यात आकडा कोरलेला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की तुकडे आकाशासमोर धरून बघा, दिव्यासमोर नको, टेबलावर ठेवून तर नकोच.

रखमाने ते टेबलावरच ठेवले. पांढऱ्या टेबलक्लॉथवर ओळीने. पहिला मधासारखा होता. पुढचे एकेक गडद होत गेले होते. शेवटचा तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा, जवळजवळ काळा. तिने वेळ घेतला नाही. पहिल्यावर बोट ठेवलं.

"हा."

पायल कामावरून नुकतीच आली होती, ओढणीही काढली नव्हती. ती म्हणाली की ताई अशी नव्हती. रखमा म्हणाली की काच आहे, फोटो नाही, आणि काचेत थोडं इकडेतिकडे होणारच. पायल म्हणाली की इकडेतिकडे होऊ नये म्हणूनच त्या बाईंनी एवढा खर्च करून पाच तुकडे पाठवले. रखमा म्हणाली की शेकडो वर्षं तिकडे लोक बघणार आहेत, पोरगी चांगली दिसली तर कोणाचं काय जातं.

"माझं जातं," पायल म्हणाली. "आई, उद्या माझा फोटो करायची वेळ आली तर मलापण असाच हात मारशील?"

"तोंड सांभाळ."

"मी विचारतेय. मी तिच्यासारखीच आहे. सगळे म्हणतात, तूपण म्हणतेस. मग ती अशी नको असेल तर मी कशी चालते तुला घरात?"

रखमा उठून स्वयंपाकघरात गेली. कुकरची शिटी झाली तरी गॅस बंद झाला नाही, तो पायलने जाऊन केला. त्या रात्री दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दत्तू मधे बसून जेवला आणि त्याने दोनदा विनाकारण आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी पायल कामावर गेल्यावर दत्तूने पेटी उघडली. त्याला लिहिलेलं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीत काय आहे ते पायलने त्याला सांगितलं होतं. एकेक तुकडा घेऊन तो आतल्या खोलीच्या खिडकीशी गेला आणि काचेसमोर धरून परत आला. तिथे सगळेच जांभळे दिसतात, असं त्याने रखमाला सांगितलं.

त्या खिडकीला निळा जिलेटिन पेपर होता. संघप्रिया शाळेत असताना दत्तू रात्रपाळी करून सकाळी झोपायचा आणि उन्हाने त्याची झोप मोडायची. चौदा एप्रिलच्या सजावटीतून उरलेला निळा कागद आणून तिने स्टुलावर चढून खिडकीच्या सगळ्या काचांना चिकटवला होता. दत्तू निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कागद उन्हाने फिका पडला होता, एका कोपऱ्यात फाटला होता, पण तो काढायचा विषय घरात कधी निघाला नव्हता.

"गच्चीवर बघ," दत्तू म्हणाला. "एवढ्या लांबून पाठवलंय तर ती बाई सांगते तसं एकदा बघायला काय हरकत आहे? मग तुला पाहिजे तो दे. मी पायलला सांगतो."

गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असायची. टाकी बघायची आहे असं सांगून दत्तूने ती मागून आणली. रविवारी सकाळी तो, रखमा आणि पायल वर गेले. पायल येणार नव्हती. दत्तूने पेटी तिच्या हातात दिली आणि माझे गुडघे दुखतात म्हणाला.

पाऊस उघडला होता, पण आभाळ पांढरं होतं, सगळीकडे सारखं. एका बाजूला खाडीची तिवरं, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडची धुराडी. गच्चीवर डिश अँटेना आणि कोणाची तरी वाळत घातलेली गोधडी होती. रखमाने कठड्याशी उभं राहून पेटी उघडली आणि आधी स्वतः निवडलेला तुकडा घेतला. दोन बोटांत धरून हात वर केला.

तुकड्यात काहीच उरलं नव्हतं. टेबलावर मधासारखा दिसणारा रंग आभाळासमोर जाताच उडून गेला. मागचं पांढरं आभाळ जसंच्या तसं दिसत होतं, फक्त कडा तेवढी पिवळसर. रखमाने तो जवळ आणला, लांब नेला, चष्मा काढून पाहिला.

"ह्यात तर कोणीच नाय," ती म्हणाली.

दत्तूने बघितलं आणि मान हलवली. पायल थोडी दूर उभी होती. तिने तिथूनच सांगितलं की म्हणूनच टेबलावर बघू नका लिहिलं होतं, काचेचा रंग मागून उजेड आला की कळतो.

रखमाने दुसरा उचलला, मग तिसरा. मग एकदम शेवटचा घेतला, खोकल्याच्या औषधासारखा, जो टेबलावर तिने हातातही धरला नव्हता. तो आभाळासमोर गेला आणि काळा राहिला नाही. काकवीचा थेंब उजेडात धरावा तसा तो आतून तांबूस झाला. रखमाचा हात वरच राहिला. बराच वेळ तिने तो खाली आणला नाही. हातात घेतल्याशिवाय मी ह्याला नावं ठेवली, असं ती पुटपुटली, पण ते फक्त दत्तूला ऐकू गेलं.

"हा थोडा जास्त आहे," दत्तू म्हणाला. "हा माझा. संघूचा ह्याच्या अलीकडचा."

मग रखमा पायलकडे वळली. तिला जवळ बोलावलं. पायल आली, पण आईकडे न पाहता. रखमाने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला, लहानपणी काजळ घालताना करायची तसा, आणि चौथा तुकडा तिच्या गालाशेजारी आभाळासमोर धरला. तुकडा पाहिला, गाल पाहिला, परत तुकडा पाहिला. दत्तू एक पाऊल मागे सरकून बघत होता.

"हलू नको," रखमा म्हणाली.

"हलत नाहीये."

"रडतेस मग. रडल्यावर रंग बदलतो."

पायलने ओढणीने डोळे पुसले आणि पुन्हा उभी राहिली. रखमाने तुकडा परत धरला.

"हाच," ती म्हणाली. "तुझा नि तिचा. दोघींचा हाच."

पायलने कोपऱ्यातला आकडा वाचला आणि फोनवर लिहून घेतला. खाली जाताना जिन्यात रखमाने फोटोचा विषय काढला आणि दिपेशने दिलेल्या, कपाटातल्या पाकिटाबद्दल सांगितलं. मग तो व्हिसाचा फोटो पाठवायचा का, असं पायलने विचारलं. त्यात ती घाबरलेली आहे, असं रखमा म्हणाली, व्हिसा मिळतो की नाही म्हणून. मग दाराशी चप्पल काढताना म्हणाली, "तो निळ्या कपड्यातलाच दे."

ज्युडिथबाईंनी नवं चित्र पाठवलं नाही. काच कापायला घेतली आहे, असं एका ओळीत कळवलं. नमुन्याचे तुकडे परत नकोत, असंही लिहिलं होतं. चौथा तुकडा दत्तूने आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवला. सकाळी खिडकी उघडली की त्याच्यावर उजेड पडायचा. उरलेले पेटीत घालून माळ्यावर गेले. भिंतीवरचा फोटो होता तिथेच राहिला.

खिडकी नोव्हेंबरमध्ये बसली. समारंभ तिथल्या दुपारी होता, इकडे दिवेलागण होऊन गेली होती. पायलने फोन टीव्हीला जोडला. रखमाने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती आणि दत्तूने शर्ट इन केला होता, जरी त्यांना तिकडून कोणी बघणार नव्हतं. शेजारची गोजराकाकी आणि विहारातल्या दोघीतिघी येऊन बसल्या. चर्चमध्ये गर्दी बेताची होती. वृद्धाश्रमातल्या काहींना व्हीलचेअरवरून आणलं होतं. एकेकाचं नाव वाचलं गेलं. संघप्रियाचं नाव वाचणाऱ्या बाईने ते बहुधा पाठ केलं होतं, कारण ती कागदाकडे न पाहता बोलली.

मग ज्युडिथबाईंनी फोन हातात घेतला आणि खिडकीजवळ गेल्या. उत्तरेची खिडकी, तिच्यावर ऊन पडत नाही, उजेड सारखा असतो. नदी दिसली, शेतं दिसली. फोन हळूहळू खाली आला. पोस्टमन, पाववाला, शाळेच्या बाई, म्हातारा. मग निळा गणवेश. त्या निळ्यात दोन-तीन छटा होत्या आणि खांद्याजवळची फिकी होती, उन्हाने विटल्यासारखी. घरातल्या निळ्या कागदाच्या खिडकीची गोष्ट पायलने त्यांना लिहिली होती की नाही, हे तिने कोणाला सांगितलं नाही. एक हात व्हीलचेअरच्या दांड्यावर होता. केस वर बांधलेले.

आणि चेहरा. पांढऱ्या चेहऱ्यांच्या ओळीतला एकच तसा. तोंड किंचित उघडं. डोळ्यांखाली ज्युडिथबाईंनी काळपट रंगाच्या दोन बारीक रेषा ओढून भट्टीत भाजल्या होत्या. त्या आता जाणार नव्हत्या.

गोजराकाकीने हात जोडले, मग रखमाकडे पाहून ते खाली घेतले. पायल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन जमिनीवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता.

"दमलेली दिसते गं," दत्तू म्हणाला.

रखमाने पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, तो पुन्हा लावला आणि नीट पाहिलं.

"दमलीच होती," ती म्हणाली.